माती, डांबर आणि स्टीव्ह किन्सर



आज एका अशा माणसाबद्दल लिहितोय, ज्याचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. माणूस अमेरिकेतला, आणि काम गाड्यांच्या शर्यतीत गाडी चालवणं. खरं सांगायचं तर मला स्वतःला चारचाकी धड चालवता येत नाही. घर ते शाळा मोटारसायकलवर, एवढाच माझा प्रवास. पण गेल्या वर्षी या माणसाच्या गोष्टीमुळे माझ्या वर्गातला एक प्रसंग मला नीट कळला, आणि माझी एक चूकही कळली. म्हणून हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

सुरुवात झाली घर्षण बलापासून. वरच्या वर्गाला घर्षण शिकवताना आपण नेहमीची उदाहरणं देतो. ओल्या फरशीवर पाय घसरतो, सायकलचा ब्रेक, काडेपेटीची काडी. मुलं "हो सर" म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. म्हणून घसरण्याचं काहीतरी वेगळं दाखवावं म्हणून मी मोबाईलवर शोधत होतो. तेव्हा मातीच्या गोल ट्रॅकवर आडव्या होऊन पळणाऱ्या गाड्यांचा एक व्हिडिओ सापडला. डोक्यावर भलामोठा चौकोनी पंख, पुढची चाकं छोटी, मागची मोठी, आणि मागे उडणारी माती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या टीव्हीवर लावला. वर्ग एकदम शांत.

पहिला प्रश्न मागच्या बाकावरून आला. "सर, ह्या गाडीचं उजवं चाक मोठं आन् डावं बारीक का?"

मला माहीत नव्हतं. "उद्या सांगतो" म्हणालो आणि रात्री वाचत बसलो.

या गाडीला स्प्रिंट कार म्हणतात. ती फक्त एकाच दिशेला, म्हणजे डावीकडे वळत फेऱ्या मारते. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेगानं फिरतात. उजवं चाक मोठं असल्यामुळे एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापतं आणि गाडी आपोआप डावीकडे वळायला बघते. वर्गात हे दाखवायला काहीच खर्च येत नाही. वर रुंद आणि खाली निमुळता असलेला स्टीलचा पेला फरशीवर आडवा ठेवा आणि हलकेच ढकला. तो सरळ जात नाही, निमुळत्या बाजूकडे वळत गोल फिरतो. माझ्या मुलांनी मध्यान्ह भोजनाचे सगळे पेले त्या दिवशी फिरवून घेतले!

बाकीची माहितीही मुलांना फार आवडली. चालकासह या गाडीचं वजन साधारण ६३५ किलो. आपल्या जुन्या मारुती ८०० च्या आसपासच म्हणा. पण मारुतीची ताकद चाळीसेक अश्वशक्तीची, आणि हिची साधारण नऊशेची! गाडीला क्लच नाही, आपल्यासारखा गिअरबॉक्स नाही, चालू करायला स्टार्टरही नाही. दुसरी गाडी मागून ढकलते तेव्हा ही सुरू होते. "म्हणजे आपल्या एसटीसारखं!" असं एकजण म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. इंधन पेट्रोल नाही, मिथेनॉल. वळताना मागचा भाग घसरत बाहेर जातो, म्हणून डावीकडे वळायचं असताना चालक पुढची चाकं उजवीकडे वळवतो. घर्षण कमी पडतं तिथे ते सांभाळून वापरणं, हीच सगळी कला.

एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगितली. हा खेळ जीवघेणा आहे. चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो तो शोभेसाठी नाही. ब्रॅड डोटी नावाचा एक चांगला चालक १९८८ साली ओहायो राज्यातल्या एल्डोरा ट्रॅकवर अपघातात सापडला आणि कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. पुढे तो याच शर्यतींचं टीव्हीवर समालोचन करू लागला. तेव्हा मुलांनो, बघायला छान, पण गल्लीत मोटारसायकल आडवी घालून करून बघायचं नाही, असं सांगून ठेवलं.

आता स्टीव्ह किन्सर.

त्याचा जन्म १९५४ चा, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनचा. वडील बॉब किन्सरही मातीवर गाड्या पळवायचे. म्हणजे आपल्याकडे पैलवानाच्या घरात पोरगं रांगत तालमीत जातं तसंच. आणि गंमत म्हणजे हा स्टीव्ह शाळेत असताना खरोखरच कुस्ती करायचा. हे वाचलं आणि मी थांबलो. का थांबलो ते पुढे सांगतो.

१९७८ साली टेड जॉन्सन नावाच्या माणसानं गावोगावच्या सुट्या शर्यती एका मालिकेत बांधल्या. तिचं नाव वर्ल्ड ऑफ आउटलॉज. चालकांनी गाडी ट्रेलरवर घालायची आणि या राज्यातून त्या राज्यात, आज इथे तर परवा तिथे, असं महिनोन् महिने फिरायचं. आपल्याकडे जत्रांचा हंगाम सुरू झाला की पैलवान या गावाहून त्या गावाला फिरतात, तसंच हे. पहिल्याच वर्षीचं अजिंक्यपद स्टीव्हनं जिंकलं. १९७९ चंही, १९८० चंही. गाडी त्याच्या नात्यातल्या कार्ल किन्सरची. कार्ल गाडीचा मालक आणि मिस्त्रीही. सॅमी स्विंडेल नावाचा तोडीस तोड प्रतिस्पर्धी होता, त्यानं १९८१ आणि १९८२ ही दोन वर्षं स्टीव्हला मागे टाकलं. मग पुन्हा १९८३ ते १९८८ ओळीनं सहा वेळा स्टीव्ह. १९९० ते १९९४ ओळीनं पाच वेळा स्टीव्ह. लोक त्याला राजा म्हणू लागले.

या खेळाची पंढरी म्हणजे आयोवा राज्यातलं नॉक्सव्हिल. छोटं गाव, जत्रेच्या मैदानावर अर्ध्या मैलाचा म्हणजे सुमारे ८०० मीटरचा ट्रॅक, आणि माती आपल्यासारखीच काळी. दर ऑगस्टमध्ये तिथे मोठी स्पर्धा भरते. स्टीव्हनं ती पहिल्यांदा १९८० साली जिंकली, आणि एकूण १२ वेळा.

मातीच्या ट्रॅकची एक गंमत आहे. तो संध्याकाळी एक असतो आणि रात्री दुसराच. शर्यतीआधी पाणी मारतात तेव्हा माती ओली, चाकाला धरून ठेवणारी. गाड्या फिरत राहतात तसतशी ती सुकते, गुळगुळीत होते, आणि सुटी माती बाहेरच्या कडेला जमा होते. ज्या वाटेनं सात वाजता जिंकता येतं, त्याच वाटेनं दहा वाजता गेलात तर मागे पडता. चालकाला दर फेरीला माती वाचावी लागते. स्टीव्हला ती वाचता यायची, हे त्याच्या यशाचं मोठं कारण.

आणखी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडली. संध्याकाळी आधी छोट्या शर्यती होतात. त्यात जे मागे राहतात त्यांना घरी पाठवत नाहीत. त्यांच्यासाठी त्याच रात्री आणखी एक शर्यत असते. तिच्यात पुढे आलेल्यांना मुख्य शर्यतीत शेवटच्या रांगेतून का होईना, जागा मिळते. आपल्या भाषेत उपचारात्मक अध्यापन आणि फेरपरीक्षा, तीही निकालाच्या आधी!

आता मी का थांबलो होतो ते सांगतो.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, सगळे त्याला पैलवान म्हणतात. वडील आणि चुलते दोघेही तालमीतले. आमच्या भागात जत्रेतल्या कुस्त्या सकाळी लहान पोरांपासून सुरू होतात, नारळावर, दहा-वीस रुपयांवर. आमचा पैलवान दोन वर्षं अशा कुस्त्यांत हरलेला नव्हता. गेल्या वर्षी मीच हौसेनं त्याचं नाव तालुक्याच्या शालेय स्पर्धेत दिलं. मीच त्याला मोटारसायकलवर घेऊन गेलो.

ती कुस्ती गादीवर होती. पोरगं आयुष्यात पहिल्यांदा गादीवर उभं राहिलं. पायात दुसऱ्याचे बूट, एक नंबर मोठे. शिट्टी वाजली, समोरच्यानं एकामागून एक गुण घेतले, आणि एक मिनिटाच्या आत पंचांनी कुस्ती थांबवली. दहा गुणांचा फरक झाला होता. पैलवानाला काय झालं हेच कळेना. तो पंचांकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. येताना वाटेत चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा एवढंच म्हणाला, "माझी पाठ तर लागलीच नव्हती, सर."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. गावातल्या मातीत पाठ लागल्याशिवाय कोणी हरत नाही. गादीवर पाठ न लागताही हरता येतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर तो आठ-दहा दिवस शाळेत आला नाही. घरी गेलो तर म्हणाला, "मी मातीतलाच हाय सर. तिकडं माझं काय काम?"

हे वाक्य मला झोंबलं. कारण हेच वाक्य मी एकदा स्वतःशी म्हटलं होतं. डी.एड. झाल्यावर आमच्या वेळी भरती बंद होती. गावाकडच्या एका छोट्या शाळेत अगदी कमी मानधनावर शिकवायचो, आणि बरं शिकवायचो असं लोक म्हणायचे. मग एका ओळखीनं शहरातल्या मोठ्या शाळेत तात्पुरती जागा मिळाली. पोशाख वेगळा, वेळापत्रक वेगळं, मुलांशी बोलायची भाषा वेगळी, दर आठवड्याला भरायचे तक्ते वेगळे. मी चाचपडत होतो. एक सत्र संपलं आणि सांगण्यात आलं की पुढच्या सत्रापासून येऊ नका. सामान घेऊन एसटीनं गावी आलो. गावात कोणी विचारलं तर "तिकडचं पाणी मानवलं नाही" असं सांगायचो. नंतर रीतसर नोकरी लागली, पण ती गोष्ट मी इतकी वर्षं कुठेच बोललो नव्हतो.

आता स्टीव्हच्या गोष्टीतलं १९९५ साल ऐका.

चौदा अजिंक्यपदं जिंकलेला हा राजा चाळिशीत आला होता. १९९४ मध्ये त्यानं टॅलडेगाच्या प्रचंड डांबरी ट्रॅकवर एक नामांकित शर्यतही जिंकून दाखवली होती. वेगवेगळ्या खेळांतल्या विजेत्यांना एकसारख्या गाड्या देऊन पळवायचे, अशी ती स्पर्धा. १९९५ साली त्याला नॅसकारमध्ये बोलावणं आलं. नॅसकार म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात लोकप्रिय मोटार शर्यत. पैसा, टीव्ही, प्रसिद्धी सगळं तिथे. केनी बर्नस्टाइन यांच्या संघानं त्याला २६ नंबरची गाडी दिली.

पण तिथे सगळंच वेगळं. गाडी दीड हजार किलोहून जड. ८०० मीटरऐवजी डेटोनाचा ट्रॅक चार किलोमीटरचा. मातीवरची मुख्य शर्यत साधारण तीस-चाळीस फेऱ्यांची, बघता बघता संपणारी, आणि इथे ५०० मैल, म्हणजे तासन् तास. तिथे घसरणं हीच कला, आणि इथे घसरला तो संपला. स्टीव्हला यश आलं नाही. पाच शर्यती झाल्या आणि त्या गाडीत दुसरा चालक बसला.

पाच शर्यती, मित्रांनो. सतरा वर्षांत चौदा वेळा अजिंक्य ठरलेल्या माणसाला.

हे मी पैलवानाच्या ओसरीवर बसून त्याला सांगितलं. त्याची आजी शेंगा फोडत होती, तीही ऐकत होती. मी सांगितलं की तो परत मातीवर आला. घरी बसला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉक्सव्हिलची ती मोठी स्पर्धा होती. मार्च-एप्रिलपर्यंत डांबरावर हरत होता तोच माणूस ऑगस्टमध्ये तिथे जिंकला. पण त्याच्यापुढे एक नवीन अडचण होती. कार्लच्या ज्या गाडीवर त्यानं इतकं जिंकलं, ती आता कार्लचा मुलगा मार्क चालवत होता. स्टीव्हनं स्वतःचा संघ उभा केला. अजिंक्यपद लगेच आलं नाही. १९९५, १९९६, १९९७ ही तीन वर्षं दुसऱ्यांची गेली. १९९८ ला पुन्हा त्याचं. मग २०००, आणि २००२ ते २००५ ओळीनं चार. एकूण वीस. शेवटचं अजिंक्यपद मिळालं तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती.

"आणि डांबरावर परत कधीच गेला न्हाई?" पैलवानानं विचारलं.

गेला होता. १९९७ साली इंडियानापोलिसची जगप्रसिद्ध ५०० मैलांची शर्यत तो पळाला. ती त्याच्याच राज्यातली, घरापासून फार लांब नाही. चौदावा आला. जिंकला नाही, पण गेला होता.

पैलवान थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं जे विचारलं, त्यासाठीच मी हा लेख लिहितोय. म्हणाला, "सर, पाच शर्यतीत कसं कळतं माणसाला येतंय का न्हाई ते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कारण मला माझी नोंदवही आठवली. पहिल्या सत्राच्या एका लेखी चाचणीनंतर मी याच मुलाच्या नावापुढे लिहिलं होतं, "अभ्यासात रस नाही. लक्ष खेळाकडे." एका चाचणीवरून! त्याला पाच संधीही दिल्या नव्हत्या मी. ज्या शहरातल्या शाळेवर मी इतकी वर्षं मनात राग धरून होतो, तिनं मला निदान एक पूर्ण सत्र दिलं होतं.

हा मुलगा वजनगट तोंडपाठ सांगतो. कोणाचं वजन किती कमी झालं की तो कुठल्या गटात जाईल, हे बोटं न मोडता सांगतो. जत्रेच्या इनामाचे पैसे कुस्तीनुसार कसे वाटले याचा हिशोब त्याला पक्का. आणि मी त्याला वहीतली उदाहरणं देऊन गणितात कच्चा ठरवला. त्याची माती कुठली आणि मी त्याची परीक्षा कुठल्या गादीवर घेतली, हा विचारच केला नाही.

याचा अर्थ गादी वाईट असा नाही हं. लेखी परीक्षा मुलांना द्यावीच लागणार आहे. पुढच्या आयुष्यात कितीतरी जागी पाठ न लागता हरावं लागणार आहे, त्यासाठी गुण कसे मोजतात हे त्यांना कळायलाच हवं. महाराष्ट्र केसरीचंच बघा. तिथे माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात. दोन्ही हवंच. पण नवीन जागी पहिल्या दिवशी जो हरला त्याला "तुझ्यात काही नाही" म्हणणं म्हणजे जागा बदलली हे विसरून जाणं. आणि परत आपल्या मातीत येऊन जो कामाला लागतो, तो पळून आलेला नसतो. हे मी पैलवानाला सांगितलं, आणि खरं तर स्वतःलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. मी त्या नोंदीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "तोंडी हिशोब उत्तम. लेखी मांडणीचा सराव हवा." दोन्ही नोंदी एकाच मुलाच्या, एकाच वहीतल्या. पण दुसरी वाचल्यावर उद्या काय शिकवायचं ते कळतं. आम्ही वजनगटांची आणि इनामाच्या रकमांची उदाहरणं केली. तोंडी आधी, मग फळ्यावर, मग वहीत. दुसऱ्या सत्रात त्याला फार मोठे गुण पडले असं नाही, पण उत्तरपत्रिका कोरी नव्हती.

कुस्तीचं म्हणाल तर तो आता दर रविवारी चुलत्यांबरोबर तालुक्याला गादीवर सरावाला जातो. बूट स्वतःच्या मापाचे घेतलेत. यंदाच्या स्पर्धेत पहिली कुस्ती जिंकला, दुसरी हरला. येताना त्याच टपरीवर चहा घेतला. यावेळी किती गुण कशाला गेले ते त्यानंच मला समजावून सांगितलं.

स्टीव्ह किन्सरनं आपला शेवटचा पूर्ण हंगाम २०१४ साली केला, वयाच्या साठाव्या वर्षी. वर्ल्ड ऑफ आउटलॉजमध्ये त्याच्या नावावर ५७७ मुख्य शर्यतींचे विजय आहेत. मधली काही वर्षं तो ज्या संघाकडून मातीवर पळाला, त्याचा मालक होता टोनी स्टुअर्ट, नॅसकारचाच माजी विजेता. ज्या खेळात स्टीव्हला पाच शर्यतींनंतर जागा राहिली नाही, त्या खेळातल्या विजेत्यानंच पुढे त्याला मानानं गाडी दिली.

मित्रांनो, आपल्याही नोंदवहीत अशी एखादी नोंद असेल. एका चाचणीवरून, एका तासावरून, कधी एका उलट उत्तरावरून लिहिलेली. वही काढा आणि ती नोंद एकदा वाचा. त्या मुलाची परीक्षा आपण कुठल्या जागेवर घेतली होती आणि त्याला किती संधी दिल्या होत्या, एवढे दोनच प्रश्न स्वतःला विचारा. आणि हो, पेल्याचा प्रयोग वर्गात जरूर करून बघा. मुलांना फार आवडतो.